पंखा सुटत नाही, शाफ्ट निघत नाही: घण उचलण्याआधी हे बघा

१ जूनला मासेमारी बंद होते, बोटी वर येतात आणि पहिल्या आठवड्यातच बंदरावर घणाचे ठोके ऐकू यायला लागतात. कुणाचा तरी पंखा (प्रोपेलर) तो फिरवणाऱ्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, घट्ट बसलेला असतो आणि चार खलाशी आळीपाळीने त्याच्यावर राग काढत असतात. हर्णैला जा, मिरकरवाड्याला जा, मालवणला जा, चित्र हेच. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस हातात असतात खरे, पण लेथवाला, वेल्डर आणि सुतार सगळ्यांना एकाच वेळी हवे असतात. त्यात पंख्यावरच आठवडा गेला तर पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं.

या कामात मी पाहिलेलं बहुतेक नुकसान गंजाने केलेलं नव्हतं, घणाने केलेलं होतं. वाकलेली पाती, चेमटलेले आटे, गिअरबॉक्सचं फुटलेलं बेअरिंग. आणि ज्या बोटीचा पंखा दर वर्षी अडकतो, तिथे दोष बहुधा मागच्या वर्षीच्या बसवणुकीत असतो. म्हणून आधी काढायचं कसं ते सांगतो आणि मग बसवायचं कसं ते. घाई असली तरी दुसरा भाग सोडू नका.

नेमकं अडकलंय कुठे?

शाफ्ट तीन ठिकाणी धरून बसू शकतो. मागे पंख्याच्या टेपरवर (शाफ्टच्या निमुळत्या टोकावर), पुढे गिअरबॉक्सकडच्या कपलिंगमध्ये (शाफ्ट आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या तुकड्यात) आणि मधे स्टर्न ट्यूबच्या बुशात (शाफ्ट ज्या नळीतून बोटीबाहेर जातो तिच्यातल्या बेअरिंगमध्ये). तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. अडकलेलं असतं कपलिंग आणि ठोकत असतात पंखा, असं सर्रास दिसतं.

तपासणी सोपी आहे. कपलिंगचे बोल्ट काढून शाफ्ट गिअरबॉक्सपासून सोडवा आणि ग्लँडचा (शाफ्टभोवती दोरी दाबून पाणी अडवणाऱ्या भागाचा) नट ढिला करा. आता पंखा हाताने फिरवा. मोकळा फिरला आणि थोडा पुढे-मागे सरकला, तर स्टर्न ट्यूब ठीक आहे. उरले टेपर आणि कपलिंग. फिरतो पण सरकत नाही, तर बुशाच्या तोंडाशी काहीतरी गुंडाळलेलं आहे असं समजा. हे बहुतेक वेळा जाळ्याचं नायलॉन असतं. शाफ्टभोवती गुंडाळलं जातं, घर्षणाने वितळतं आणि पंखा व बुश यांच्यामध्ये प्लॅस्टिकची घट्ट बांगडी तयार होते. वरून शेवाळ आणि शिंपल्या चढल्या की ती धातूसारखीच दिसते. हॅकसॉच्या पात्याच्या टोकाने खरवडून बघा, तार निघाली की कळेल. आणि फिरताना एका ठरावीक जागी जड जात असेल, तर शाफ्ट वाकलेला असण्याची शक्यता मोठी. अशा शाफ्टला मागून ओढून काही होत नाही. तो फिरवत फिरवत, बुशाला जपून काढावा लागतो.

या तपासणीला अर्धा तास लागतो. तो द्या.

भरती-ओहोटीचा हिशेब

ज्यांच्याकडे स्लिपवे (बोट वर ओढायचा बांधीव उतार) आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. बाकीच्यांची बोट उधाणाच्या भरतीला वर घेतलेली असते आणि पुढच्या उधाणापर्यंत बऱ्यापैकी कोरडी राहते. पण भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत अर्धवट उंचीवर टेकवून ओहोटीच्या वेळात काम उरकणारेही आहेत. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात, त्यातला पंख्यापाशी कोरडं राहण्याचा वेळ जेमतेम तीन-चार तास. एवढ्यात पंखा काढणं जमेल. शाफ्ट काढायला घेऊ नका. शाफ्ट बाहेर आला की स्टर्न ट्यूब म्हणजे बोटीच्या बुडाला पडलेलं उघडं भोक. काढावाच लागला, तर ट्यूबच्या मापाची लाकडी गुल्ली आधीच कातून, गोणपाट गुंडाळून हाताशी ठेवा आणि ती बाहेरून ठोका, म्हणजे पाण्याचा दाब तिला आतच ढकलेल. गुल्ली "नंतर करू" म्हणणाऱ्याची बोट भरतीला इंजिनासकट भरते.

आधी नट

नट सोडवताना पंखा फिरू नये म्हणून गिअर टाकून ठेवण्याची पद्धत आहे. ती वाईट. सगळा पीळ गिअरबॉक्सवर येतो. पात्याखाली, बुंध्याच्या (पंख्याच्या मधल्या जाड भागाच्या) जवळ, लाकडाचा जाड ठोकळा बोटीच्या अंगाला टेकवून लावा. पात्याच्या टोकाला लावलात तर पातं वाकेल.

स्प्लिट पिन गंजून भोकातच तुटली असेल तर ती ड्रिलने काढल्याशिवाय नटाला हात लावू नका, नाहीतर आटे खरवडत नट बाहेर येईल. आटे बहुधा उजवे असतात, पण दोन इंजिनांच्या किंवा परदेशी बनावटीच्या बोटीत एकदा डोळ्यांनी खात्री करा. लांब पाईप लावूनही नट हलत नसेल तर नटालाच थोडा गरम करा. तरीही नाहीच म्हणाला, तर ग्राइंडरने एका बाजूने आट्यांपर्यंत न पोचता काप घ्या आणि छिन्नी घालून उघडा. नट स्वस्त, शाफ्ट महाग.

आता महत्त्वाचं. नट पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे मागे घ्या आणि तिथेच राहू द्या. टेपर सुटतो तेव्हा हळूहळू सुटत नाही. टणकन आवाज होतो आणि पंखा उडी मारतो. नट असला तर ती उडी तीन-चार मिलिमीटरची असते. नट नसला तर पंखा खाली येतो, आणि ट्रॉलरचा पंखा पायावर घेण्यासारखा नसतो.

टेपर का धरतो

शाफ्टचं मागचं टोक निमुळतं असतं. १:१२ टेपर म्हणजे १२ मिमी लांबीत व्यास १ मिमीने कमी. हा कोन इतका लहान आहे की एकदा दाबून बसवल्यावर घर्षणच पंख्याला धरून ठेवतं. त्यामुळे नट काढला आणि पंखा हलला नाही, तर ते बिघडल्याचं लक्षण नाही. टेपर बनवलेलाच त्यासाठी आहे. बिघाड होतो तो खाऱ्या पाण्याने. पंखा पितळ किंवा ब्राँझचा, शाफ्ट ईएन-८ चा (साध्या पोलादाचा) असेल तर फटीत शिरलेलं पाणी लोखंडाला खातं आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणजे पंख्याच्या भोकात आतून पाचर मारली जाते. शाफ्ट एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) असला तर गंज कमी, पण मीठ आणि चुन्याचा पांढरा कठीण थर तिथेही साचतो.

आता घण काय करतो ते बघा. मागून शाफ्टच्या टोकावर मारलात तर आटे चेमटतात आणि धक्का थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. पुढून पंख्याच्या पात्यावर मारलात तर पातं वाकतं, त्याचा पिच (तिरकेपणा) बदलतो, आणि मग हंगामभर बोट थरथरते व डिझेल जास्त पिते. दोन्हीकडे टेपरला मात्र फारसं काही होत नाही, कारण धक्क्याची ताकद वाटेतच खर्च होते.

पुलर

टेपरवरचा पंखा ओढून काढायचा असतो. काही पंख्यांच्या बुंध्यात मागच्या बाजूला आट्यांची दोन-तीन भोकं पाडलेली असतात, ती पुलरसाठीच. त्यांत चिखल आणि रंग भरलेला असतो म्हणून दिसत नाहीत. आधी तारेच्या ब्रशने बुंधा घासून बघा. भोकं निघाली तर तुमचं निम्मं काम झालं.

नसतील तर दोन जाड पट्ट्यांचा पुलर गावातल्या वेल्डरकडून होतो. २५ मिमी जाडीच्या दोन पट्ट्या घ्या. एकीत यू आकाराची खाच, म्हणजे ती पंख्याच्या पुढच्या बाजूने शाफ्टवर बसेल. दुसरी शाफ्टच्या मागच्या टोकावर टेकेल. दोन्हींना जोडणारे दोन किंवा तीन लांब बोल्ट पात्यांच्या मधून जातील. बोल्टच्या बाबतीत काटकसर नको. साधा ४.६ प्रतीचा एम-२० बोल्ट साडेपाच टनांच्या पुढे लांबायला लागतो, तोच ८.८ प्रतीचा १५ टनांच्या आसपास ओढ सहन करतो. डोक्यावर आकडा कोरलेला असतो, तो वाचून घ्या. आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर तुमची अर्धी ताकद घर्षणातच जाईल.

मागची पट्टी थेट शाफ्टच्या आट्यांवर टेकवू नका. नट टोकाच्या बरोबरीला आणा आणि मधे पितळेचा किंवा नरम लोखंडाचा तुकडा ठेवा. पंखा आणि बुश यांच्यामध्ये जागा अगदी कमी असेल तर पुढची पट्टी बसत नाही. अशा वेळी कपलिंग सोडवून शाफ्ट थोडा मागे सरकवला की जागा होते. वर सांगितलेली तपासणी आधी केली असेल तर हे आपोआप झालेलं असतं.

बोल्ट आळीपाळीने, पाव पाव फेरा आवळा. पट्ट्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजत राहा. पट्टी तिरकी झाली की पंखा टेपरवर तिरका दबतो आणि आणखी घट्ट होतो.

बोल्टऐवजी बाटली जॅक लावणारे आहेत. लावा, पण आडवा जॅक पंपाची बाजू खाली ठेवली तरच पूर्ण चालतो, नाहीतर तेलाऐवजी हवा ओढतो.

ओढ बसली, बोल्ट ताणले, पंखा तरी जागचा हलला नाही, तर आता हातोडा, पण वेगळा. बुंध्याच्या एका बाजूला एक जड घण नुसता टेकवून धरायचा आणि बरोबर समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने टोला द्यायचा. पुढे-मागे नाही, आडवा. बुंधा क्षणभर अंडाकृती होतो आणि टेपरवरची पकड मोडते. जागा बदलत बुंध्याभोवती फिरा. मधे थांबा, बोल्ट आवळा, पुन्हा मारा. पुष्कळ पंखे इथेच सुटतात. काही पुलरच्या ओढीखाली रात्रभर ठेवल्यावर, कुणी हात न लावता सकाळपर्यंत सुटलेले असतात. रात्र जाऊ द्यायला हरकत नाही. खाली कुणी झोपलेलं नको एवढंच.

गंज सोडवणाऱ्या तेलांबद्दल: डब्ल्यूडी-४० मारा, डिझेल मारा, गिअरचं लाल तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून मारा. नटाला आणि ग्रब स्क्रूला (कपलिंग शाफ्टवर दाबून धरणाऱ्या स्क्रूला) यांचा उपयोग होतो. पण नीट बसलेल्या टेपरमध्ये तेल शिरायला जागाच नसते. तेल लावून दोन दिवस वाट पाहणं हे काम टाळण्याचं सभ्य निमित्त आहे. शिवाय ॲसिटोन लावलं असेल तर ते पूर्ण उडाल्याशिवाय आग जवळ आणायची नाही.

आग लावायची तर

गरम करणं हा खरा रामबाण, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

गॅसची ज्योत पेटवण्याआधी बुंध्यावर कुठे स्क्रूचा प्लग आहे का बघा. काही पंख्यांच्या बुंध्यात आतून पोकळी असते आणि तिच्यात ग्रीस भरलेलं असतं, किंवा पाणी शिरलेलं असतं. बंद पोकळी तापली की आतल्या वाफेचा दाब वाढतो आणि बुंधा फुटतो. बाँबसारखा. प्लग काढा, भोक उघडं ठेवा, समोर उभे राहू नका.

आता किती तापवायचं? लाल व्हायची अजिबात गरज नाही. ५० मिमी भोकाचा ब्राँझचा बुंधा ८० अंशांनी तापला तर भोक साधारण ०.०७ मिमीने मोठं होतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण १:१२ टेपरवर तेवढ्याने पंख्याला सुमारे ०.८ मिमी मागे सरकायला मोकळीक मिळते. पुलर आधीच ताणलेला असेल तर एवढं भरपूर झालं.

पण हे गणित फक्त बुंधा तापला आणि शाफ्ट थंड राहिला तरच जमतं. ब्राँझ आणि एसएस तापल्यावर जवळपास सारखेच वाढतात. सावकाश तापवत बसलात तर दोन्ही मिळून वाढतील आणि पकड तशीच राहील. साध्या लोखंडी शाफ्टला ब्राँझपेक्षा फैलाव कमी, म्हणून तिथे थोडी सवलत मिळते. एसएसला नाही. तेव्हा आधी पुलर पूर्ण ताणा, मग मोठी मऊ ज्योत बुंध्याभोवती सतत फिरवत भरभर उष्णता द्या. पुढे बुशाच्या बाजूला ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा, त्याने शाफ्ट थंड राहतो आणि रबरी बुश असेल तर तोही वाचतो. बुंध्यावर पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर तडतडून उडाला की पुरे, ज्योत बाजूला घ्या आणि आडवा टोला द्या.

कटिंगची टोकदार ज्योत एकाच जागी धरणाऱ्याला हात धरून थांबवा. ज्याला आपण ब्राँझ म्हणतो ते मँगनीज ब्राँझ खरं तर पितळच असतं, त्यात जस्त भरपूर. एकाच जागी तापवलं की आत ताण राहतो आणि पुढे खाऱ्या पाण्यात तिथून तडा जातो. आणि फायबरच्या बोटीत ज्योतीची दिशा बोटीकडे नकोच. लहान पंख्यांसाठी तर आगीचीही गरज नसते. बुंध्याभोवती गोणपाट गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओतत राहायचं. होडीच्या आणि छोट्या फायबर बोटींच्या पंख्यांना हे पुरतं.

पंखा सुटायच्या आधी शाफ्ट फिरवून चावीची (पंखा शाफ्टवर घसरून फिरू नये म्हणून मधे बसवलेल्या धातूच्या पट्टीची) खाच वर आणून ठेवा. खाच खाली असली तर पंखा निघताना चावी चिखलात पडते, आणि ओहोटीच्या चिखलात चावी शोधणं हा एक वेगळाच उद्योग आहे.

कपलिंग: इथे डोकं लागतं

पंखा निघाला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. माझ्या मते पंख्यापेक्षा कपलिंग जास्त छळतं, कारण ते ग्लँडच्या अगदी पुढे, गळणाऱ्या खाऱ्या पाण्याखाली वर्षभर भिजत असतं आणि तिथे बसून काम करायला माणसाला धड जागा नसते.

आधी त्यातले सगळे ग्रब स्क्रू शोधा. एक दिसतो, दुसरा गंज आणि रंगाच्या थराखाली लपलेला असतो. काही ठिकाणी ते तारेने बांधलेले असतात. एक जरी राहिला तरी कपलिंग हलणार नाही.

मग ही जुनी युक्ती. गिअरबॉक्सचा फ्लँज (बोल्ट लावायची चकती) आणि शाफ्टचं कपलिंग यांच्यामध्ये शाफ्टच्या व्यासापेक्षा किंचित लहान असा जाड लोखंडी ठोकळा, किंवा पान्याच्या सेटमधलं मोठं सॉकेट, शाफ्टच्या टोकाच्या नेमकं समोर ठेवा. फ्लँजचे नेहमीचे बोल्ट काढून त्याजागी लांब, ८.८ प्रतीचे बोल्ट घाला आणि समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. कपलिंग गिअरबॉक्सकडे ओढलं जातं, ठोकळा शाफ्टला मागे ढकलतो. ठोकळ्याची लांबी संपली की मोठा ठोकळा घ्यायचा आणि पुन्हा सुरू. शक्य असेल तर गिअरबॉक्सच्या फ्लँजऐवजी स्वतंत्र जाड प्लेट वापरा, म्हणजे गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर काहीच भार येत नाही. त्यासाठी शाफ्ट थोडा मागे सरकवून जागा करावी लागते.

कपलिंग लोखंडी असल्यामुळे त्याला निर्धास्त गरम करता येतं. पण इंजिनखान्यात डिझेल आणि तेल पडलेलं असतं, म्हणून आधी तळातलं पाणी-तेल उपसा आणि बादलीभर वाळू शेजारी ठेवा. गॅसचा सिलिंडर बाहेरच राहू द्या.

दोन-तीनदा तापवून, ताणून, ठोकूनही निघालं नाही तर हट्ट सोडा आणि कपलिंग कापा. ग्राइंडरने चावीच्या खाचेवर लांबीने काप घ्या, शाफ्टपर्यंत पोचू नका, आणि कापात छिन्नी घालून फाकवा. नवं कपलिंग लेथवर होतं. शाफ्टला ओरखडा पडला तर नवा शाफ्ट. नवं करतानाच दोन भागांचं, बोल्टने आवळायचं करून घ्या. पुढच्या वर्षी बोल्ट ढिले केले की ते हातात येतं.

शाफ्ट ओढताना

कपलिंग निघाल्यावर शाफ्टच्या त्या टोकावरून हात फिरवा. ग्रब स्क्रूने खड्डे पाडलेले असतात आणि त्यांच्या कडा वर आलेल्या असतात. त्या कानशीने घासून पॉलिश पेपर मारा. हे विसरलं तर तेच काटे सगळ्या बुशावर ओरखडे काढत मागे जातात. ग्लँड दोरीही सगळी उकरून काढा. तळाची एखादी रिंग दगडासारखी झालेली असते आणि शाफ्टला धरून ठेवते.

मागे सुकाणू आडवं येतं का? कधी सुकाणू पूर्ण वळवलं की शाफ्ट बाजूने जातो. बहुतेक ट्रॉलरमध्ये जात नाही, सुकाणू उतरवावंच लागतं. वाळूवर असाल तर खाली खड्डा खणून ते उतरतं. काँक्रीटच्या स्लिपवेवर बोट घेत असाल तर ठोकळे लावतानाच ही उंची धरा, नंतर बोट उचलत बसण्यापेक्षा ते स्वस्त.

रबरी बुश असलेली बोट बरेच दिवस कोरड्यावर राहिली की रबर शाफ्टला चिकटतं. साबणाचं पाणी ओता, ग्रीस नको, आणि ओढण्याआधी शाफ्ट पाईप पान्याने सावकाश फिरवा. पान्याखाली चामडं किंवा जुना टायर गुंडाळा. फिरला की सुटला. त्यानंतरही ओढ हवी असेल तर मागच्या आट्यांवर लांब सळई बसवून तिच्यावर सरकणारं वजन लावा आणि ते मागच्या थांब्यावर आपटा. झटका मागच्या दिशेला बसतो, बेअरिंगवर नाही. आतून गिअरबॉक्सला जॅक टेकवून शाफ्ट ढकलणं मात्र कुणी कितीही सांगितलं तरी करू नका.

शाफ्ट बाहेर आला की बघायच्या जागा थोड्याच. टेपरची जाड बाजू आणि चावीच्या खाचेचं पुढचं टोक, कारण तडे तिथून सुरू होतात. लाल रंग मुरवून वर पांढरा फवारा मारायचा डाय टेस्टचा सेट मिळतो. लाल रेघ उमटली तर तो शाफ्ट परत बोटीत जाता कामा नये. एसएसच्या शाफ्टवर ग्लँडखाली आणि ट्यूबच्या आत सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतील. साचलेल्या, हवा न लागलेल्या पाण्यात एसएसलाही गंज लागतो. पंख्याची पाती घासल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबीसर दिसली तर पितळातलं जस्त निघून गेलंय. असा पंखा टोला दिल्यावर घुमत नाही, बद्द वाजतो. झिंकच्या वड्या (गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे) वेळेवर बदलल्या नाहीत की असं होतं.

पुढच्या वर्षी अडकू नये म्हणून

दर वर्षी अडकणाऱ्या पंख्यांमागे मला तीनच कारणं पुन्हा पुन्हा दिसली आहेत.

पहिलं, टेपर जुळत नाही. शाफ्ट एका लेथवर १:१२ ने कातलेला, पंखा मुंबईच्या दारूखान्यातल्या भंगार बाजारातून आणलेला जुना, १:१६ चा. काही ठिकाणी १:१० चे टेपरही येतात. डोळ्यांना फरक कळत नाही. पंखा फक्त एका टोकाला धरतो, दुसऱ्या टोकाला फट राहते, तिथून खारं पाणी शिरतं आणि चालताना बारीक घासणी होत राहते. तपासायला शाफ्टच्या टेपरवर प्रशियन ब्लूचा अगदी पातळ हात मारा, पंखा चावीशिवाय बसवा, काढा आणि भोकात निळा रंग कुठे लागला ते बघा. सत्तर टक्के तरी भाग निळा व्हायला हवा, आणि जाड बाजूला तर नक्कीच. किरकोळ फरक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून पंखा टेपरवर फिरवून घासला की जातो. फरक मोठा असेल तर लेथ. पत्र्याची पट्टी घालून फट भरणं हा उपाय नव्हे.

दुसरं, चावी उंच आहे. हे ओळखायला सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. पंखा चावीशिवाय हाताने घट्ट बसवा आणि बुंध्याच्या पुढच्या कडेला शाफ्टवर मार्करने रेघ मारा. आता चावी घालून बसवा. बुंधा त्याच रेघेला आला पाहिजे. अलीकडे थांबला तर पंखा टेपरवर नाही, चावीवर बसलाय. चावीची वरची बाजू घासा. बाजू घासू नका, त्या खाचेत घट्टच हव्यात. रेघ जुळेपर्यंत घासा. चावीवर बसलेला पंखा नट कितीही आवळला तरी सैलच असतो, पाणी आत जातंच आणि वर्षाने तोच पंखा सुटत नाही. नाखवा म्हणतो, "एवढा सैल होता तर सुटत का नाही?" गंजाने धरलाय म्हणून.

तिसरं, घाणीवर बसवणं. जुना गंज, पांढरा थर, रंगाचे ओघळ तसेच ठेवून वर ग्रीसचा गोळा आणि नटावर पाईप लावून घण. टेपर पितळी ब्रश आणि बारीक पॉलिश पेपरने लखलखीत करा. तेलाचा पुसट हात पुरे, ग्रीसचा थर नको; ग्रीस दबून बाहेर जायला वेळ लागतो आणि तोवर पंखा बसल्यासारखा नुसता वाटतो. ग्रीस लावायचं ते बसवून झाल्यावर, बुंध्याच्या पुढच्या कडेला आणि नटाभोवती, पाणी आत शिरू नये म्हणून.

दोन नट असतील तर पातळ आधी, जाड बाहेर. बरेचजण उलटं लावतात, कारण जाड नटाने पंखा आवळावा असं वाटतं. बाहेरचा नट आवळला की भार त्याच्यावर जातो, म्हणून जाड तिथे. स्प्लिट पिन दर वर्षी नवी, एसएसची. साधी लोखंडी पिन नारळी पौर्णिमेनंतर हंगाम संपेपर्यंत टिकेलच याचा भरवसा नाही.

इंजिन आणि शाफ्ट यांची रेषा जमिनीवर जुळवून ठेवा, पण तीच शेवटची समजू नका. लाकडी बोट पाण्यात गेली की अंग बदलते. पाण्यात एक-दोन दिवस राहू द्या, मग कपलिंगच्या दोन फ्लँजमध्ये चारही बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. १०० मिमी व्यासाच्या फ्लँजला कमाल आणि किमान फटीतला फरक ०.१ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर इंजिनाच्या पायांखाली पत्र्याचे तुकडे घालून तो त्या मर्यादेत आणा. ग्लँड पहिल्या दिवशी करकचून आवळू नका. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत; दोरी कोरडी पडली की ती शाफ्टला खाते. पहिल्या फेरीनंतर ग्लँडला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर नट पाव फेरा ढिला करा आणि पुन्हा थेंब सुरू झाले का ते बघा.